खेटे: मलावीतल्या नेनो जिल्ह्यात अंतर आणि जुनाट आजार

मलावीच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला पैसे लागत नाहीत, औषधालाही लागत नाहीत. जगातल्या अतिगरीब देशांत गणना होत असूनही या देशाने हा नियम टिकवून ठेवला आहे. त्यामुळे रक्तदाबाचा पेशंट दोन-तीन महिने येतो आणि मग यायचा बंद होतो, तेव्हा ‘फी परवडत नसेल’ हे आपलं नेहमीचं उत्तर तिथे चालत नाही. फी नाहीच. तरी माणसं गळतात. का गळतात, हे समजून घ्यायला नेनो हा जिल्हा फार उपयोगी आहे. तिथे अडचण उघडी दिसते आणि ती कमी करण्याची धडपडही जवळून पाहता येते.

नेनो दक्षिण मलावीत, मोझांबिकच्या सरहद्दीला लागून आहे. २००३ साली म्वान्झा जिल्ह्यातून तो वेगळा काढला. २०१८ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ लाख ३८ हजार, म्हणजे अगदी लहान जिल्हा. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला शिरे नदीच्या बाजूला सखल, उष्ण पट्टा. दोन रुग्णालयं: डोंगरावरच्या मुख्य ठिकाणी नेनो जिल्हा रुग्णालय आणि खाली सपाटीवर लिसुंग्वी सामुदायिक रुग्णालय. बाकी सगळी छोटी आरोग्यकेंद्रं. जिल्ह्यातले बहुतेक रस्ते मातीचे आहेत आणि पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालतो. त्या काळात जो ओढा उन्हाळ्यात चपला हातात घेऊन ओलांडता येतो, तोच दिवसभर थांबवून धरतो.

मलावीत आरोग्यसेवेचं नियोजन करताना एक माप वापरतात: दवाखाना ८ किलोमीटरच्या आत असावा. अनेक देशांत हे माप ५ किलोमीटरचं आहे. नकाशावर प्रत्येक केंद्राभोवती कंपास फिरवायचा, वर्तुळात आलेली माणसं मोजायची आणि टक्का काढायचा, असा तो हिशेब. नेनोच्या डोंगरी भागात मात्र या वर्तुळाला फारसा अर्थ राहत नाही. सरळ रेषेत ६ किलोमीटरवर असलेलं केंद्र पाऊलवाटेने ९-१० किलोमीटर होतं, शिवाय चढण. वाहन म्हणजे ‘कबाझा’, मागच्या कॅरिअरवर माणूस बसवून नेणारी भाड्याची सायकल किंवा मोटरसायकल. सायकल चढणीवर निम्म्या वाटेत उतरवते आणि मोटरसायकलचं भाडं शेतमजुराच्या आवाक्याबाहेर जातं. मग उरते पायपीट.

अंतर वेळेत मोजायला हवं हे आता सर्वमान्य आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नकाशा-अभ्यासाने हेच केलं. त्यात मोटारीने जाण्याची सोय धरली तर एका तासात आरोग्यसेवेपर्यंत पोहोचू न शकणारी माणसं जगात सुमारे ९ टक्के निघाली. पायीच जायचं धरलं तर तोच आकडा ४३ टक्क्यांवर गेला. दवाखाने तेच, रस्ते तेच, फक्त वाहन काढून घेतलं. नेनोतल्या बहुतेक माणसांना हा दुसराच हिशेब लागू पडतो.

एकदाचं अंतर आणि महिन्याचं अंतर

लांब राहणारा माणूस दवाखान्यात कमी जातो, यात नवं काही नाही. एडवर्ड जार्व्हिस या अमेरिकी डॉक्टरने १८५० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयातल्या भरतीचा हिशेब मांडला होता. रुग्णालयाच्या जवळच्या गावांतून भरपूर रुग्ण येत, लांबच्या गावांतून कमी. लांबच्या गावांत वेडसरपणा कमी असतो असं म्हणायला काही आधार नव्हता. पुढे १९६० च्या दशकात युगांडातल्या डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागासाठी हेच दाखवलं. मला यात गंमत वाटते ती ही, की अंतराचा हा नियम पहिल्यांदा दिसला तो एका दीर्घकालीन आजारात. नंतरच्या दीडशे वर्षांत मात्र अंतराची चर्चा झाली ती मुख्यतः बाळंतपण, अपघात आणि हिवताप यांच्या संदर्भात.

त्या आजारांत अंतर एकदा कापायचं असतं आणि कापायला जोरही असतो. कळा सुरू झालेल्या बाईला शेजारी झोळीत घालून नेतील, तापाने फणफणलेलं मूल आई पाठीला बांधून रात्री निघेल. ते अंतर भयंकर असतं, जीवही घेतं. पण पार पडलं की संपतं.

रक्तदाबाचं तसं नाही. चिचेवा भाषेत त्याला ‘कुथामांगा क्वा मागाझी’ म्हणतात, म्हणजे रक्ताचं धावणं. रक्त धावतं, पण माणसाला ते जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही, शेतावरचं काम थांबत नाही. अशा माणसाने न दुखणाऱ्या गोष्टीसाठी महिन्यातला एक अख्खा दिवस खर्च करायचा, रांगेत उभं राहायचं आणि परत यायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. असं मरेपर्यंत. यातल्या एखाद्या खेपेला ‘औषध संपलंय, पुढच्या आठवड्यात बघा’ हे वाक्य ऐकू आलं, तर तो माणूस परत येईल अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आपल्या भाषेत अशा जाण्याला खेटे घालणं म्हणतात. शब्दातच वैताग आहे.

मलावीत २००९ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत २५ ते ६४ वयाच्या माणसांत सुमारे ३३ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला आणि त्यांतल्या बहुसंख्यांना ते ठाऊकच नव्हतं. मधुमेह ५ टक्क्यांच्या थोडा वर होता. म्हणजे ‘हे श्रीमंतांचे आजार’ म्हणून बाजूला सारण्यासारखी स्थिती तेव्हाही नव्हती.

खेट्यांचा हिशेब

नेनोत जे केलं गेलं ते समजण्यासाठी एक घर कल्पनेने उभं करू. आकडे माझे, केवळ उदाहरणापुरते. एक बाई, वय पंचेचाळीस. एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत. रक्तदाब वाढलेला आहे. मुलाला मिरगी आहे. घरापासून आरोग्यकेंद्र ६ किलोमीटर, रुग्णालय २० किलोमीटर.

एचआयव्हीचं औषध जवळच्या केंद्रात मिळतं आणि तीन महिन्यांचं एकदम मिळतं. वर्षाला चार खेपा, येऊन-जाऊन ४८ किलोमीटर. रक्तदाबाचा दवाखाना रुग्णालयात, दर महिन्याला: ४८० किलोमीटर. मुलाच्या मिरगीचाही रुग्णालयातच, पण वेगळ्या वारी: आणखी ४८०. बेरीज १,००८ किलोमीटर. तासाला ४ किलोमीटर या चालीने २५२ तास, रांगेतला वेळ सोडून. हे तिने करावं अशी अपेक्षा व्यवस्था मुकाट्याने धरून चाललेली असते आणि ती आली नाही की कार्डावर ‘उपचार सोडला’ अशी नोंद होते.

आता एकेक गोष्ट बदलू. रक्तदाब आणि मिरगीचे दवाखाने रुग्णालयातून केंद्रात आणले, वार मात्र वेगळेच ठेवले: ३३६ किलोमीटर. तिन्ही आजारांचा वार एकच केला: १४४. तब्येत स्थिर असल्यावर तिन्हींचं औषध तीन महिन्यांचं दिलं: ४८.

हजारावरून ४८. एकही नवी इमारत बांधलेली नाही, एक मीटर रस्ता केलेला नाही. बाईचं घर आहे तिथेच आहे. या प्रकरणातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. जुनाट आजारात घरापासूनचं अंतर हा त्या हिशेबातला एकच घटक आहे. दुसरा घटक खेपांचा. अंतर डोंगर ठरवतो, पण खेपा दवाखान्याचं वेळापत्रक ठरवतं, आणि वेळापत्रक माणसांनी बनवलेलं असतं.

नेनोत काय केलं

पार्टनर्स इन हेल्थ ही संस्था सरकारच्या निमंत्रणावरून २००७ साली नेनोत आली. स्थानिक नाव अब्वेंझी पा झा उमोयो, अर्थ तोच. पहिली काही वर्षं एचआयव्हीची होती. मलावीत तेव्हा दर दहा प्रौढांमागे साधारण एक बाधित होता आणि २००४ पासून देशात एचआयव्हीचं औषध मोफत मिळू लागलं होतं. डॉक्टर इतके थोडे की हे औषध डॉक्टरांच्या हाती ठेवून चालणारच नव्हतं. ते क्लिनिकल ऑफिसर आणि मेडिकल असिस्टंट (डॉक्टर नसलेले, पण तपासून औषध देणारे कर्मचारी) आणि परिचारिका यांच्याकडे दिलं गेलं, रुग्णालयातून केंद्रात उतरवलं गेलं. प्रत्येक पेशंटचं एक जाड कागदी कार्ड असे, पुढची तारीख त्यावर लिहिलेली, आणि तारीख चुकली की कोणीतरी घरी जाऊन विचारत असे. आफ्रिकेतल्या खेड्यांत आयुष्यभराचा उपचार चालवता येतो हे दाखवून देणारी पहिली मोठी व्यवस्था हीच. तिची जन्मकथा एका साथीची, म्हणून तिला जुनाट आजारांची व्यवस्था कोणी म्हणत नव्हतं. होती ती तीच.

त्याच जिल्ह्यात मधुमेह-रक्तदाबाचा पेशंट मात्र रुग्णालयाच्या वाऱ्या करत होता. २०१५ पासून दोन्ही एकत्र केले गेले. एकात्मिक जुनाट आजार दवाखाना असं त्याचं स्वरूप आहे. रुग्णालयातून निघालेलं पथक ठरलेल्या दिवशी ठरलेल्या केंद्रावर जातं, तिथल्या कर्मचाऱ्यांसोबत बसतं आणि एचआयव्ही, रक्तदाब, मधुमेह, दमा, मिरगी, मानसिक आजार असे सगळे पेशंट एकाच ठिकाणी, एकाच दिवशी पाहिले जातात. एचआयव्हीचं कार्ड होतं त्याच धर्तीवर बाकीच्या आजारांचीही कार्डं केली. पेशंटच्या हातात त्याची स्वतःची वही असतेच. मलावीत तिला हेल्थ पासपोर्ट म्हणतात आणि ती जपून ठेवायची जबाबदारी पेशंटची.

एकाच रांगेचा एक फायदा अंतराशी संबंधित नाही, पण सांगायला हवा. एचआयव्हीचा दवाखाना वेगळा असला की तिथे दिसणं म्हणजे गावभर जाहीर होणं. सगळ्यांची रांग एक झाली की कोण कशासाठी आलंय ते कळत नाही. लाजेपायी जवळचं केंद्र सोडून मुद्दाम लांबच्या केंद्रात जाणारी माणसं सगळीकडे असतात. त्यांचं अंतर डोंगराने वाढवलेलं नसतं, शेजाऱ्यांनी वाढवलेलं असतं.

दुसरा पदर गावातल्या आरोग्यसेविकांचा. आधी त्या एकेका आजाराच्या पेशंटला भेटत. नंतर प्रत्येकीला ठरावीक घरं दिली, आणि त्या घरातलं गरोदरपण, लहान मुलं, क्षयाचा खोकला, रक्तदाबाच्या गोळ्या हे सगळं तिच्याकडे आलं. तारीख चुकलेल्यांची यादी तिच्याकडे पोहोचते. ती जाऊन विचारते तेव्हा कधी कळतं की माणूस मेला, कधी कळतं की तो सरहद्दीपलीकडे मजुरीला गेला, आणि कधी इतकंच की ओढ्याला पाणी होतं. ‘उपचार सोडला’ या एका शिक्क्याखाली ही सगळी माणसं कोंबलेली असतात.

तिसरा पदर पैशाचा: अतिशय गरीब पेशंटना प्रवासखर्च देणं. यावर नेहमी नाक मुरडलं जातं. पैशासाठी लोक येतील, सवय लागेल, वगैरे. पण ज्या देशाने औषध मोफत ठेवलंय, त्याने औषधापर्यंतचं भाडं न देणं म्हणजे उपचार जवळ राहणाऱ्यांनाच मोफत ठेवणं आहे. माझ्या मते या खर्चाला ‘मदत’ म्हणणंच चुकीचं. औषधवाहतुकीचा तो शेवटचा टप्पा आहे, फक्त ओझं पेशंट स्वतः वाहतो.

आणि इमारतीचं काय? तीही लागतेच. डांबे हा नेनोतला अगदी आडबाजूचा भाग. तिथून कुठल्याही केंद्राला जायचं तर काही तास चालावं लागे. तिथे खेपा कमी करून काम भागणार नव्हतं, कारण एक खेपही फार होती. शेवटी तिथे नवं आरोग्यकेंद्र उभं राहिलं. वेळापत्रक कितीही सुधारलं तरी काही ठिकाणी भिंतीच बांधाव्या लागतात.

जिथे हे जमत नाही

औषधाचं अंतर कसं लांबवायचं, म्हणजे एका खेपेला किती महिन्यांचं द्यायचं, हा प्रश्न एचआयव्हीत बऱ्यापैकी सुटला आहे. मलावी आणि झांबियात झालेल्या एका मोठ्या तौलनिक चाचणीत सहा महिन्यांचं औषध एकदम दिलेले पेशंट उपचारात टिकण्यात सरस ठरले. मग रक्तदाबाच्या गोळ्या सहा महिन्यांच्या का देऊ नयेत? कागदावर उत्तर सोपं. प्रत्यक्षात केंद्राच्या कपाटात सगळ्यांपुरती महिन्याचीच गोळी जेमतेम असेल, तर एकाला सहा महिन्यांची देणं म्हणजे पाचांना रिकाम्या हाती परत पाठवणं. एचआयव्हीच्या औषधामागे आंतरराष्ट्रीय पैसा आणि स्वतंत्र पुरवठासाखळी होती. रक्तदाबाच्या गोळीला त्याहून कितीतरी कमी पैसे लागतात, पण तिच्यामागे तसं कोणी नाही. पेशंटच्या खेपा त्यामुळे शेवटी औषधांच्या कोठारात ठरतात.

काही आजारांत तर लांब मुदतीची चैन परवडतच नाही. लहान मुलाचा टाइप १ मधुमेह घ्या. इन्शुलिन रोज हवं. मोझांबिकच्या ग्रामीण भागाबद्दल दोन दशकांपूर्वी झालेल्या अभ्यासात निदानानंतर अशा मुलाचं अपेक्षित आयुष्य वर्षाच्याही आत निघालं होतं. इन्शुलिन न उघडता साठवायचं तर २ ते ८ अंश तापमान लागतं आणि खेड्यात फ्रिज नाही. मातीच्या मडक्यात, ओल्या वाळूत कुपी ठेवण्याची युक्ती चालते. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतली तापमानं धरून केलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात इन्शुलिन चार आठवडे टिकल्याचं दिसलं. ही मोठीच सुटका आहे. छावणीत पूर्वी पेशंटना दिवसातून अनेकदा टोचून घ्यायला दवाखान्यात यावं लागे. तरी साखर मोजण्याच्या पट्ट्या, मात्रा बदलणं, आईला शिकवणं यासाठी माहीतगार माणूस वारंवार भेटावाच लागतो. वाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या हृदयाचं तसंच. त्याला तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन आणि हृदयाची सोनोग्राफी वाचू शकणारा कोणीतरी लागतो.

हे काम प्रत्येक केंद्रात उतरवता येत नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात खास शिकवलेल्या परिचारिका आणि क्लिनिकल ऑफिसर बसवायचे, असा मार्ग आधी रवांडात तयार झाला. त्याला पेन-प्लस म्हणतात. नेनोतही जिल्हा रुग्णालय आणि लिसुंग्वी इथे असे दवाखाने सुरू झाले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये टोगोतल्या लोमे इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागाने सदस्य देशांसाठी हे धोरण स्वीकारलं. याआधी असा पेशंट ब्लांटायर किंवा लिलाँग्वेच्या मोठ्या रुग्णालयात पाठवला जाई, म्हणजे बहुतेक वेळा पाठवलाच जात नसे. आता जिल्ह्यात पाहिला जातो. ही मजल खरीच आहे. पण सरहद्दीजवळच्या वाडीतल्या मुलासाठी जिल्ह्याचं ठिकाणही लांबच आहे.

आणि हे सगळं एका गाडीवर उभं आहे. ठरल्या दिवशी पथक निघालं नाही तर त्या केंद्रावर जमलेल्या सगळ्यांची खेप एकदम फुकट जाते. एका पेशंटचा खेटा ही एक गोष्ट. इथे चूक झाली तर ती घाऊक होते. मलावीत गेल्या काही वर्षांत इंधनाचा तुटवडा वारंवार पडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं, म्हणजे मलावीच्या चलनाचं, ४४ टक्के अवमूल्यन झालं. त्याआधी मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीचे रस्ते आणि पूल वाहून नेले होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्यावर, एचआयव्हीच्या पैशावर उभी राहिलेली व्यवस्था किती ठिसूळ असू शकते याचीही चुणूक मिळाली.

नोंदीतलं अंतर

आकडे वाचताना एक सापळा असतो, तो नेनोसारख्या ठिकाणी हमखास लागतो. दवाखान्याच्या रजिस्टरवरून नकाशा काढला तर मधुमेह, रक्तदाब, दमा हे सगळे केंद्राच्या आसपास दाट दिसतात आणि डोंगराकडे जावं तसे विरळ होतात. कोणी यावरून म्हणेल की कष्टाचं काम, साधं जेवण, म्हणून डोंगरात आजार कमी. थोडं खरंही असेल. पण ज्याचा रक्तदाब कधी मोजलाच नाही, तो रजिस्टरवर निरोगी असतो. लांबचा माणूस यादीत येतो तेव्हा बहुधा पक्षाघात झालेला असतो, किंवा पाय सडलेला असतो. मग असाही निष्कर्ष निघतो की लांबचे पेशंट ‘जास्त गंभीर’ असतात. दोन्ही निष्कर्ष एकाच रजिस्टरमधून निघतात आणि अंतराचा परिणाम दोन्हींत मिसळलेला असतो.

म्हणून अशा दवाखान्याचं यश तपासताना मी तरी ‘किती पेशंट नियंत्रणात’ हा आकडा पहिला मागणार नाही. जे टिकले त्यांचाच तो आकडा असतो आणि टिकणारे बहुतेक जवळचे असतात. पहिला प्रश्न असा हवा: चालत दोन तासांहून लांब राहणारे किती जण नोंदले गेले आणि वर्षाने त्यांतले किती उरले? त्यासाठी कार्डावर गावाच्या नावाशेजारी आणखी एक छोटा रकाना पुरेल. घरून निघालात किती वाजता, हा प्रश्न परिचारिकेने पेशंटला विचारायचा आणि उत्तर लिहायचं. बरेच जण सांगतील, कोंबडा आरवायच्या आधी.